पकड दणकट, डोकं तेवढंच नाजूक

नांदेड-लातूरकडे रग्बी लीग नाही. पण अंगावर अंग आदळणारी कबड्डी गावोगाव आहे. जिममध्ये कमावलेली शरीरं आणि २०१४ पासूनची प्रो कबड्डी यांनी पकडीचा जोर वाढवला.

जोराचं गणित : समजा, ७० किलोचा चढाईपटू सेकंदाला ५ मीटर वेगाने आला. त्याच्या जागी ८५ किलोचा, ६ मीटर वेगाचा आला तर धडकेतली ऊर्जा पावणेदोन पट होते. दंड-मांड्या कमावता येतात, कवटीतला मेंदू नाही.

धोका कुठे : घोट्याला झेपावताना पकडणाऱ्याचं डोकं चढाईपटूच्या गुडघ्याच्या वाटेत येतं. साखळीत दोघे एकाच वेळी आत शिरले की डोक्याला डोकं लागतं.

नियम : कबड्डीत गळा-तोंड दाबणं, पायांची कैची घालणं फाउल. ऑस्ट्रेलियाच्या एनआरएल या रग्बी लीग स्पर्धेत २०२३ पासून मेंदूला हादरा बसलेल्या खेळाडूला साधारणतः ११ दिवस सक्तीची विश्रांती.

ओळखा : डोकेदुखी, गरगरणं, मळमळ, गुण किती झाले हे न आठवणं. शुद्ध हरपायलाच हवी असं नाही.

करा : खेळाडूला लगेच बाहेर काढा, त्या दिवशी पुन्हा उतरवू नका, डॉक्टरांना दाखवा. वारंवार उलट्या, झटके, वाढती गुंगी दिसली तर १०८ ला फोन. ‘पाणी मार, उठेल’ हा उपचार नव्हे.