दोन बरण्यांचे उटणे

पनवेल हे खाडीकाठचे जुने व्यापारी गाव. बोरघाटातून उतरलेला माल येथे येई आणि बंदरातून गलबतांनी मुंबईला जाई. याच गावात १८७२ साली वैद्य कृष्णशास्त्री पुराणिक यांनी श्री धूतपापेश्वर या आयुर्वेदीय औषधनिर्मितीचा पाया घातला. दीडशे वर्षांनंतरही हे नाव देशभरातील वैद्यांच्या परिचयाचे आहे. अशा गावातील घरांना उटण्याची ओळख नव्याने करून द्यावी असे नाही. तरीही दिवाळी जवळ आली की तयार पुड्यांकडे हात वळतो आणि वर्षभर तर मुलीबाळी ‘स्क्रब’ची नळीच विकत आणतात. मोबाईलवर पाहून लिंबू, साखर आणि खाण्याचा सोडा थेट चेहऱ्यावर चोळण्याची नवी सवयही घराघरांत शिरली आहे. म्हणूनच स्वयंपाकघरातील कोणता पदार्थ त्वचेला मानवतो आणि कोणता नाही, हे एकदा नीट समजून घेणे अगत्याचे आहे.

चोळण्यामागचे शास्त्र

वाग्भटाच्या ‘अष्टांगहृदया’त दिनचर्येच्या अध्यायात अभ्यंग, व्यायाम, उद्वर्तन आणि स्नान असा क्रम सांगितला आहे. उद्वर्तन म्हणजे कोरडे चूर्ण अंगाला चोळणे. त्याने कफ व मेद कमी होतो, अंग घट्ट होते आणि त्वचा उजळते, असे ग्रंथकार सांगतो. मराठी घरातील उटणे, हिंदी भाषकांचे उबटन आणि गुजराती-मारवाडी लग्नघरातील पीठी ही सारी याच कुळातील.

आधुनिक त्वचाशास्त्र हीच गोष्ट वेगळ्या शब्दांत मांडते. त्वचेच्या अगदी वरच्या थरातील पेशी मृत असतात. खालून नव्या पेशी वर येत राहतात आणि जुन्या गळून पडतात. तरुण वयात या फेऱ्याला साधारण चार आठवडे लागतात. वय वाढते तसा हा काळ लांबतो. मृत पेशी साचल्या की त्वचा निस्तेज दिसते. परंतु हाच वरचा थर अंगातील ओलावा टिकवतो आणि जंतूंना बाहेर थोपवतो. सैल झालेल्या पेशी काढणे हे उटण्याचे काम. थरच खरवडून काढणे हे नव्हे. गव्हाळ व सावळ्या त्वचेवर अति चोळल्याने आग झाली, तर मागे काळपट डाग राहतात आणि ते जाण्यास महिने लागतात. उजळपणासाठी केलेला उपाय अशा रीतीने उलटतो.

काय घ्यावे, काय टाळावे

त्वचा स्वभावतः किंचित आम्लधर्मी असते. लिंबाचा रस तिच्यापेक्षा कितीतरी पटींनी तीव्र, तर सोडा अल्कधर्मी. दोन्ही चेहऱ्याला वर्ज्य मानावेत. लिंबाचा रस लावून उन्हात गेल्यास त्वचा भाजल्यासारखी होऊन डाग पडू शकतात. जाड साखर, मीठ, कॉफीचा चोथा आणि अक्रोडाच्या कवचाची भरड यांचे कण टोकदार असतात. टाचा व कोपरे यांच्यासाठी ते चालतील, गालांसाठी नाहीत. काष्ठौषधीच्या दुकानातील तयार मिश्रणात पुष्कळदा बावची असते. ती लावून उन्हात गेल्यास त्वचेला दाह होऊ शकतो, म्हणून वैद्यांच्या सल्ल्याशिवाय ती घालू नये.

पुष्कळ पाककृतींत मध सांगितलेला असतो. जैन घरांत त्याचा त्याग परंपरेनेच असतो आणि उटण्याचे त्यावाचून काही अडत नाही. भिजवण्यासाठी दूध, ताजे दही, गुलाबपाणी किंवा साधे पाणी पुरते. दह्यातील लॅक्टिक आम्ल सौम्य असते. ते मृत पेशींमधील बंध सैल करते आणि चोळण्याचे श्रम कमी होतात. मसूर व चण्याचे पीठ तेलकटपणा शोषून घेते. तांदळाची पिठी किंचित रवाळ असल्याने हातापायांसाठी उत्तम.

हळद शक्यतो हळकुंडे आणून घरी किंवा विश्वासाच्या गिरणीत दळावी. तयार पुडीला भडक रंग यावा म्हणून त्यात लेड क्रोमेटसारख्या शिशाच्या विषारी रंगाची भेसळ होऊ शकते.

दोन बरण्यांची रीत

पनवेलची हवा दमट. पावसाळ्यात तर बंद डब्यातील पिठालाही ओल लागते, जाळी धरते, बारीक किडे होतात. दिगंबर परंपरेत खाण्याच्या पिठाला मर्यादा सांगितली आहे: हिवाळ्यात ७ दिवस, उन्हाळ्यात ५ आणि पावसाळ्यात ३. ही मर्यादा आहाराची असली, तरी तिच्यामागील जयणेची दृष्टी उटण्यालाही लागू पडते. सर्व जिन्नस एकत्र करून महिनोन्‌महिने ठेवण्याऐवजी सुगंधी चूर्ण आणि पीठ वेगळे ठेवावे, हा यावरचा सोपा मार्ग.

पहिल्या बरणीत सुगंधी चूर्ण: वाळवलेली संत्र्याची साल ५० ग्रॅम, गुलाबपाकळी ५० ग्रॅम, नागरमोथा २५ ग्रॅम, वाळा २५ ग्रॅम, आंबेहळद २५ ग्रॅम आणि कचोरा १० ग्रॅम. कंदमुळांचा त्याग काटेकोर पाळणाऱ्या घरांनी शेवटचे चार जिन्नस वगळून केवळ साल व पाकळ्या घ्याव्यात. सर्व जिन्नस निवडून, झटकून, कडक उन्हात दोन-तीन दिवस वाळवावेत. मग दळून पातळ सुती कापडातून गाळावेत. ही वस्त्रगाळ करण्याची पायरी कधीही टाळू नये, कारण चाळणीतून निसटलेला काष्ठाचा बारीक तुकडाही चेहऱ्याला ओरखडा काढू शकतो. कोरड्या काचेच्या बरणीत हे चूर्ण दोन-तीन महिने टिकते. आत ओला चमचा मात्र जाऊ देऊ नये.

दुसरी बरणी पिठाची. मसूरडाळ किंवा चणाडाळ आठवड्यापुरतीच दळावी. पावसाळ्यात त्याहूनही कमी. स्नानाच्या वेळी दोन चमचे पीठ व एक चमचा चूर्ण वाटीत घेऊन लागेल तेवढेच भिजवावे. कोरड्या त्वचेसाठी दूध व दोन थेंब तिळाचे तेल, तेलकट त्वचेसाठी गुलाबपाणी. भिजवलेले उटणे उरले तर ठेवू नये. ओल्या पिठात काही तासांतच जंतू वाढू लागतात आणि शीतकपाटात ती वाढ केवळ मंदावते.

लावण्याची पद्धत

नवे मिश्रण आधी कोपराच्या आतील बाजूस लावून धुवावे आणि एक दिवस वाट पाहावी. खाज वा लाली आली तर ते वापरू नये. चेहऱ्यावर लेप पूर्ण वाळू न देता ओलसर असतानाच बोटांच्या पेरांनी हलके गोल फिरवून अर्ध्या-एक मिनिटात धुवावा. चेहऱ्याला आठवड्यातून एकदा आणि अंगाला दोनदा एवढे पुरे. पुरळ फुटलेले असताना, इसब, जखम किंवा नुकतीच दाढी केलेली असताना उटणे लावू नये. जळजळ झाल्यास गार पाण्याने धुऊन थांबावे. दाह उतरला नाही तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे.

एक गोष्ट आजी-पणजींचा मान राखूनही सांगायला हवी. तान्ह्या बाळाची लव जावी म्हणून त्याला डाळीचे पीठ चोळण्याची प्रथा अनेक घरांत आहे. बाळाची त्वचा मोठ्यांपेक्षा पातळ असते आणि लव आपोआप गळते. बाळाला तेलाचा हलका हात पुरेसा आहे.

घरचे आणि दुकानचे

पूर्वी बाजारातील अनेक स्क्रबांत प्लॅस्टिकचे सूक्ष्म मणी असत. ते मोरीतून नदीत, नदीतून समुद्रात आणि तेथून जलचरांच्या पोटात जात. अमेरिकेने २०१५ साली कायदा करून धुऊन टाकायच्या प्रसाधनांत त्यांना बंदी घातली. भारताने २०१४ साली प्रसाधनांच्या प्राण्यांवरील चाचण्या थांबवल्या. डाळीच्या पिठाला या दोन्ही दोषांचा स्पर्श नाही.

घरचे उटणे नावाजले की शेजारीपाजारी मागू लागतात आणि व्यापारी घराला त्यात धंदाही दिसतो. त्यात गैर काही नाही. परंतु प्रसाधने विक्रीसाठी बनवायची तर औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० आणि सौंदर्यप्रसाधने नियम, २०२० यांनुसार परवाना लागतो. अन्न व औषध प्रशासनाकडे त्याची चौकशी आधी करावी. वेष्टनावर जिन्नस आणि तारीख खरी लिहावी, सुगंधी द्रव्य घालून त्याला चंदन म्हणू नये.

दिवाळीला अजून अवकाश असेल, तर आजच संत्र्याची साल फेकण्याऐवजी ताटात पसरून उन्हात ठेवावी. निर्वाणकल्याणकाच्या पहाटे देरासरात जाण्यापूर्वी घरातील सर्वांच्या स्नानाला पुरेल इतके चूर्ण तोवर पहिल्या बरणीत जमलेले असेल. पीठ तेवढे आदल्या दिवशी दळावे.