घाटमाथ्यावरून खाडीकडे

‘फ्योर्ड’ या शब्दाला मराठीत चपखल प्रतिशब्द नाही. शाळेत भूगोलाच्या पुस्तकात तो एकदा भेटायचा आणि वार्षिक परीक्षा झाली की विसरला जायचा. अलीकडे मात्र पुण्याच्या घराघरांत तो नव्याने ऐकू येऊ लागला आहे. निवृत्त जोडपी मुलांच्या आग्रहाने उत्तर युरोपच्या सहलीला जातात, परत आल्यावर शेजाऱ्यांना बोलावून चहाबरोबर फोटो दाखवतात, आणि त्या फोटोंत निळ्याशार पाण्यावर झुकलेले कडे असतात. आम्हीही ती सहल केली. सोग्नेफ्योर्ड दोनशे किलोमीटर आत शिरलेला आहे आणि त्याची खोली काही ठिकाणी तेराशे मीटर आहे, हे ऐकून बोटीवरची सगळी मंडळी क्षणभर गप्प झाली होती. पुणेकर मंडळी गप्प होणे ही काही लहान गोष्ट नव्हे.

पण माझ्या लक्षात राहिले ते बर्गेन. बंदराकाठची ती ब्रुग्गेनची लाकडी घरे १९७९ सालापासून जागतिक वारशाच्या यादीत आहेत. उत्तरेकडून वाळवलेला कॉड मासा यायचा, दक्षिणेकडून धान्य यायचे, आणि जर्मन व्यापाऱ्यांच्या वखारी मध्ये बसून दोन्हीकडचा हिशेब करायच्या. हे शहर नेमके इथेच का वसले, हे आमच्या मार्गदर्शक बाईंनी अर्ध्या तासात असे उलगडून सांगितले की शेवटी माझी पत्नी, जिचे माहेर चिपळूणचे, हळूच म्हणाली, “मग आमचं चिपळूण तिथेच का, हे आजवर मला कुणी सांगितलं नाही.”

त्या प्रश्नाच्या मागे लागून आम्ही गेल्या माघात चार दिवसांच्या एका सहलीला निघालो. चौदा माणसे, पुण्याची एक लहान बस, आणि दापोलीकडची एक भूगोलाची पदवीधर मुलगी वाटाडी म्हणून. तिची अट एकच होती. कोकणात बसने उतरायचे नाही, पायी उतरायचे.

आपल्या खाड्या फ्योर्ड नव्हेत, हे तिने पहिल्याच दिवशी सांगून टाकले. इथे हिमनदी कधी आली नाही. गेल्या हिमयुगात समुद्र आजच्यापेक्षा शंभर मीटरहून अधिक खाली होता; दूरदूरचे बर्फ वितळले, पाणी चढले आणि सह्याद्रीतून येणाऱ्या नद्यांच्या मुखाकडच्या दऱ्या त्यात बुडाल्या. म्हणून सावित्री, वाशिष्ठी, शास्त्री या नद्या समुद्राला मिळण्याच्या कितीतरी आधीच खाऱ्या होतात. भरतीचे पाणी चाळीस चाळीस किलोमीटर आत चढते. कोकणची खरी वाट हीच. आपण सडकेवरून जाणारे लोक खाडीला अडथळा समजतो. शेदोनशे वर्षांपूर्वीच्या माणसाला अडथळा वाटत असेल तो डोंगर आणि जंगलाचा.

वेल्ह्याच्या पुढे केळदला बस सोडली. तिथून मढे घाटाची वाट खाली कर्णवडीला उतरते. पावसाळ्यात इथल्या धबधब्यावर पुण्याची झुंबड उडते. गाड्या, कणसे, गाणी. माघात शुकशुकाट. केळदचा एक मध्यमवयीन शेतकरी पुढे चालत होता, हातात कोयता आणि पायांत साध्या चपला. सिंहगड घेताना १६७० साली पडलेल्या तानाजी मालुसऱ्यांचा देह याच वाटेने त्यांच्या उमरठ्याला नेला, अशी परंपरागत समजूत आहे. तो ते सांगायला थांबलासुद्धा नाही; चालता चालता, घरातली गोष्ट सांगावी तसे सांगून गेला. उतरायला आम्हाला तीन तास लागले. गुडघ्यांनी तक्रार केली, पण ती सगळ्यांच्याच गुडघ्यांनी केल्यामुळे कुणाला फार बोलता आले नाही.

खाली आल्यावर मागे वळून पाहिले आणि वाटाडीचे म्हणणे पटले. “काका, आता बैलाच्या पाठीवर दोन गोणी आहेत असं समजा,” ती म्हणाली. “पुढे कुठे थांबाल?” जिथे गलबत येऊन लागते तिथे, हे उघड होते. सावित्रीत भरतीबरोबर गलबते जिथवर चढत, तिथेच महाडची पेठ उभी राहिली. पेठेच्या जवळच गांधारपाल्याची बौद्ध लेणी आहेत, अठराशे वर्षांहून जुनी, नदीच्या वळणावर नजर ठेवून बसलेली. व्यापारी तांडे जिथे ओझे बदलणार तिथे भिक्षूंचा मुक्काम. खाडीच्या तोंडाशी किल्ला, जकातीसाठी. भरती संपते तिथे पेठ. पेठेच्या आसपास लेणी. आणि पाठीमागे घाट. एकदा ही मांडणी कळली की कोकणचा नकाशा वाचता येतो. राजपुरीच्या खाडीवर कुड्याची लेणी का, राजापूरच्या मागे अणस्कुरा घाट का, हे मग कुणाला विचारावे लागत नाही.

महाडला आमच्यापैकी बहुतेकांनी चवदार तळे पूर्वी पाहिलेले होते. तरी एक गोष्ट नवी कळली. डिसेंबर १९२७ मधल्या दुसऱ्या परिषदेसाठी डॉ. आंबेडकर आणि त्यांचे सहकारी मुंबईहून बोटीने निघून सावित्रीच्या खाडीतल्या दासगावला उतरले, आणि तिथून चालत महाडला आले. त्या मोठ्या दिवसाची वाटही खाडीतूनच आली होती. दासगावच्या काठावर आम्ही उभे राहिलो तेव्हा ओहोटी होती आणि समोर नुसता चिखल चमकत होता.

याच सावित्रीवरचा महाडजवळचा इंग्रजी अमदानीतला पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात कोसळला आणि एसटीच्या दोन गाड्या माणसांसकट गेल्या. नवा पूल वर्षाच्या आत उभा राहिला.

पुढचा पल्ला बाणकोट. इंग्रजांनी १७५६ साली तो किल्ला मिळवला आणि त्याचे नाव ठेवले फोर्ट व्हिक्टोरिया. मग हर्णे. तिथला सुवर्णदुर्ग जुलै २०२५ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत गेलेल्या बारा किल्ल्यांपैकी एक. यादीत नाव आल्याचा आनंद आहेच; पण किनाऱ्यावर उभे राहून किल्ल्याकडे पाठ करून फोटो काढणाऱ्यांची गर्दी पाहिली आणि वाटले, बर्गेनच्या त्या बाई इथे हव्या होत्या. आपल्याकडे सहलीत ‘पॉइंट’ असतात. पॉइंट दाखवला, दहा मिनिटे दिली, की बस हलते.

दाभोळला मात्र आम्ही मुद्दाम रेंगाळलो. या गावाचे नाव १९९० च्या दशकात एन्रॉनमुळे जगभर झाले, आणि गंमत अशी की तो वीजप्रकल्प दाभोळात नाहीच, खाडीपलीकडे गुहागर तालुक्यात आहे. खऱ्या दाभोळची कीर्ती त्याहून पाचशे वर्षे जुनी. बहामनी राज्याचे हे मोठे बंदर. अरबस्तानातून आलेले घोडे इथे उतरायचे आणि घाट चढून दख्खनच्या फौजांत जायचे. रशियाचा प्रवासी अफनासी निकितिन पंधराव्या शतकात चौलला उतरला, पावसाळाभर आपल्या जुन्नरला अडकून पडला, बिदर पाहून आला आणि शेवटी दाभोळलाच गलबतात बसून परतीला लागला. डिसेंबर १५०८ मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉय अल्मेदाने हे शहर लुटून जाळले. त्यातून ते पुन्हा उभे राहिले. आदिलशाही अमलातली शाही मशीद अजून धक्क्याजवळच आहे, काळ्या दगडाची, अंगणात हौद असलेली. विजापूरची एक शहजादी मक्केला निघाली होती, प्रवास अडला, आणि तिने बरोबरचे द्रव्य या मशिदीवर खर्च केले, अशी दंतकथा गावात सांगतात. मशिदीच्या पायरीवर बसले की पलीकडचा अंजनवेलचा गोपाळगड, मधले पाणी आणि मासेमारीच्या होड्या असे सगळे एकाच नजरेत येते.

१९८६ पासून तीन वर्षे मी या भागातल्या एका शाखेत होतो. यांत्रिक नौकांची कर्जे तपासायला दाभोळला यावे लागे. त्या काळी पलीकडे जायला लाँच असे, आणि संध्याकाळची शेवटची लाँच गेली की खाडी बंद. एकदा पलीकडच्या गावातून एका अडलेल्या बाईला डोलीतून काठावर आणलेले मी पाहिले. लाँच नव्हती. एका दालदी माणसाने आपली होडी काढली, तीही ओहोटीत. गाळात होडी दोनदा रुतली. बाई वाचली, मूल वाचले नाही. त्या माणसाचे दोन हप्ते थकले होते. माझ्या बॅगेत त्याच्या नावाची नोटीस होती. ती मी परत शाखेत नेली आणि त्याला तीन महिन्यांची मुदत वाढवून मिळावी म्हणून टिपण लिहिले. मुदत मिळाली.

म्हणून आता रेवस ते रेडी सागरी महामार्गासाठी खाड्यांवर पूल होत आहेत, यावर गळा काढणाऱ्यांत मी नाही. पूल हवेत. २००३ साली दाभोळ-धोपावे फेरीबोट सुरू झाली तेव्हा शंभरेक किलोमीटरांचा वळसा वाचला, आणि ती बोट आजही गाड्या पोटात घेऊन दहा-पंधरा मिनिटांत पलीकडे नेते. पण पूल झाल्यावर दाभोळच्या धक्क्यावर कोण उतरणार? पूल गावाला डावलूनच जातो. तो त्याचा स्वभाव आहे. फेरीच्या रांगेत गाडी थांबते म्हणून निदान काहीजण मशीद पाहतात, चहा पितात, कोळणीकडून सुके बोंबील घेतात. नॉर्वेने डोंगर पोखरून बोगदे काढले, तरी फ्योर्डमधल्या बोटी चालू ठेवल्या आणि त्यांचे तिकीट दामदुप्पट केले. आपल्या पर्यटन खात्याने पुलाच्या अंदाजपत्रकातच एक होडी आणि एक धक्का धरावा, एवढे माझे बँकेच्या माणसाचे मागणे आहे.

चौथ्या दिवशी चिपळूण. गोवळकोटच्या धक्क्यावर मगरी चिखलात पसरल्या होत्या आणि पत्नी आपल्या प्रश्नाच्या उत्तरापाशी उभी होती. इथे भरती संपते, मागे कुंभार्ली घाट दिसतो. म्हणजे पेठ इथेच व्हायची. पण २२ जुलै २०२१ ला याच पेठेत पुराचे पाणी पहिल्या मजल्यापर्यंत गेले. तिच्या भावाच्या दुकानाच्या भिंतीवर ती रेषा अजून आहे, रंग मारूनही उमटणारी. गाळाने नदी उथळ झाली म्हणून त्यानंतर वाशिष्ठीतला गाळ काढण्याचे काम झाले. या वाशिष्ठीत कोयनेचेही पाणी आहे, बोगद्यांतून पोफळीला उतरणारे. खरे तर कृष्णेतून बंगालच्या उपसागराला जायचे, ते वीज करून दाभोळला येते. मार्च १९९९ मध्ये कोयनेच्या जलाशयाला खालून भोक पाडण्याचा जो प्रयोग झाला, ते तंत्र नॉर्वेत रुळलेले. हे वाटाडीने सांगितले तेव्हा बसमध्ये हशा पिकला.

येताना तिने आम्हाला कोळ्यांचे गणित शिकवले. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ निघते: अष्टमीला सहा, अमावास्येला सव्वाअकरा. आयुष्यभर व्याज काढले, इतका सोपा हिशेब कधी हाताला लागला नाही. पुढची सहल जैतापूरहून राजापूरकडे, फाल्गुनी अमावास्येला ठरते आहे. जैतापूरचा खलाशी चढत्या पाण्याबरोबर सकाळी सातला होडी सोडायला तयार आहे. राजापूरच्या जुन्या धक्क्यापर्यंत गाळामुळे ती जाणार नाही, शेवटचा पल्ला चालावा लागेल, असे त्याने आधीच बजावून ठेवले आहे.