शेवटचा मुका 'ई'

मराठीत 'क' या अक्षराचे नाव आणि उच्चार एकच. इंग्रजीतल्या 'एच' या नावात 'ह' कुठेच ऐकू येत नाही. म्हणूनच फोनिक्समध्ये, म्हणजे आवाजांवरून वाचन शिकवण्याच्या पद्धतीत, सहसा आधी अक्षराचा आवाज शिकवतात, नाव मागाहून.

पण ते नावही पुढे कामाला येते. के-आय-टी म्हणजे 'किट'. त्याच्या शेवटी ई जोडला की 'काइट', म्हणजे पतंग. तसेच 'हॉप'चे 'होप' होते आणि 'कट'चे 'क्यूट'. ई स्वतः तोंड उघडत नाही; पण व्यंजनापलीकडच्या स्वराला स्वतःचे नाव घ्यायला लावतो. शिक्षक याला 'मॅजिक ई' म्हणतात. यात जादू कसली, हा जुना इतिहास! चौदाव्या शतकात, इंग्रजी कवी चॉसरच्या काळी, 'नेम' हा शब्द 'नामअ' असा काहीसा दोन झोक्यांत म्हटला जाई. पुढे शेवटचा स्वर गळाला, मधला दीर्घ स्वर बदलला, स्पेलिंग मात्र जागचे हलले नाही.

'गिव्ह', 'हॅव' या शब्दांत 'मॅजिक ई'चा नियम लागू पडत नाही. इंग्रजी शब्द सहसा व्हीवर संपवत नाहीत, म्हणून तिथे ई नुसता राखणीला बसलेला असतो. असे शब्द मुलांकडून वेगळे घोटून घ्यावे लागतात.