नावात बुरशी, डोक्यात फुगा

१८८५ साली लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्समध्ये विल्यम ऑस्लर यांनी हृदयाच्या झडपांना होणाऱ्या घातक संसर्गावर व्याख्याने दिली. त्यांत धमनीवरच्या ज्या फुग्यांचे वर्णन आले, त्यांना त्यांनी ‘मायकोटिक’ म्हणजे बुरशीजन्य म्हटले. झडपेवरचे पुंजके बुरशीसारखे दिसत, म्हणून. वास्तविक बहुतेकदा हे काम जिवाणूंचे. पण आत्याने बारशाला ठेवलेले नाव जसे बदलत नाही, तसे हेही बदलले नाही.

झडपेवरच्या पुंजक्याचा कण सुटतो, रक्ताबरोबर मेंदूत जातो आणि धमनीच्या बारीक फांदीत अडकतो. जंतू तिथली भिंत पोखरतात आणि पातळ झालेली भिंत रक्ताच्या दाबाने फुगते. एरवीचे फुगे मेंदूच्या तळाशी, मोठ्या धमन्यांच्या दुभाजकावर असतात. हे मात्र शेंड्याकडे. हृदयसंसर्गाच्या शंभर रुग्णांत साधारण दोन ते चार जणांत ते सापडतात.

फुगा फुटला नसेल तर चार ते सहा आठवडे शिरेतून प्रतिजैविके देतात आणि मधूनमधून अँजिओग्राफी करून पाहतात. काही फुगे विरतात. काही औषध चालू असतानाच वाढतात. वाढणारा किंवा फुटलेला फुगा बारीक नळीतून कॉइल वा वैद्यकीय गोंद सोडून बंद करतात. रक्ताच्या गोळ्याने मेंदू दबत असेल, तर कवटी उघडावी लागते.

खरा पेच पुढे आहे. झडप फाटली, फुप्फुसांत पाणी भरू लागले, शस्त्रक्रिया तर हवीच. पण हार्ट-लंग मशीनवर घ्यायचे म्हणजे रक्त न गोठू देणारे हेपारिन भरपूर द्यायचे, आणि डोक्यात ती पोखरलेली भिंत! मेंदूत मोठा रक्तस्राव झालेला असेल, तर हृदय तग धरेल तोवर निदान चार आठवडे थांबणे बरे, असा सर्वसाधारण संकेत आहे. हृदय थांबू देत नसेल, तर आधी नळीतून फुगा बंद करायचा आणि मग छाती उघडायची. झडपही धातूची की प्राण्याच्या ऊतीची, हे ठरवावे लागते; धातूच्या झडपेला जन्मभर रक्त पातळ ठेवणारी गोळी लागते. मोठ्या तुलनात्मक चाचण्यांचा आधार इथे नाही, त्यामुळे हृदयाचे, मेंदूचे आणि संसर्गाचे डॉक्टर एकत्र बसूनच निर्णय घेतात.

आपल्याकडे संधिवाती तापाने झडपा खराब झालेली माणसे आजही पुष्कळ आहेत. अशा माणसाचा ताप हटत नसेल, तर प्रतिजैविकाची पहिली गोळी देण्याआधी रक्त कल्चरला पाठवायला हवे. गोळी आधी पोटात गेली, तर बाटलीत जंतू उगवण्याची शक्यता कमी होते आणि मग पुढचे उपचार अंदाजाने करावे लागू शकतात.