तिरकं झाकण

मुकुंदवाडीत मी मोटारी रिवाइंड करतो. जळालेली कॉईल कापायची, नवी तांब्याची तार भरायची, वार्निश पाजायचं. म्हणून फ्रान्समधल्या ‘इटर’ या अणुसंमीलन भट्टीत तांब्याच्याच 27 कॉईल बसायच्यात, आणि भारतही त्यात भागीदार आहे, हे वाचलं तेव्हा कान टवकारले.

तिथला प्लाझ्मा तापणार पंधरा कोटी अंशांपर्यंत. भांडं कुठलं टिकणार? चुंबकाच्या कुंपणात त्याला अधांतरी धरतात. 1982 साली जर्मनीत प्लाझ्माची एक अवस्था सापडली, तिच्यात उष्णता झकास कोंडून राहते. पण कडेला दाब साचतो आणि राहून राहून फटकन उसळतो. मिलिसेकंदभराचा तडाखा, पण मोठ्या भट्टीत असे तडाखे भिंत खाऊन टाकतील.

डाळ उतू जाऊ नये म्हणून आपण झाकण किंचित तिरकं ठेवतो ना, तसंच. त्या 27 कॉईल कडेचं चुंबकक्षेत्र मुद्दाम थोडं वेडंवाकडं करतात. दाब झिरपत राहतो, उसळी येत नाही. सॅन डिएगोच्या ‘डी-थ्री-डी’ यंत्रावर हे जमल्याचं 2004 मध्ये प्रसिद्ध झालं. झाकण जास्त सरकलं तर मात्र आतली ऊबच जाते.

माझं वार्निश तिथे चालणार नाही, न्यूट्रॉनांच्या माऱ्यात टिकणार नाही. तिथे मॅग्नेशियम ऑक्साइडची पूड, आणि तांब्याच्या पोटातून थंड पाणी.

होमी भाभांनी 1955 साली जिनिव्हात अणुसंमीलनाची ऊर्जा वीसेक वर्षांत हाती येईल, असं म्हटलं होतं. गिऱ्हाइकाला ‘उद्या या’ म्हणताना मला ते हमखास आठवतं.