उघडून बघायचे पैसे

सकाळी १०.००
गांधी चमनजवळचं दुरुस्तीचं दुकान उघडलं की आधी जॉबकार्डं चाळतो. नाव, मोबाइल, मॉडेल, तक्रार आणि खाली दोन रकाने: चेकिंग, ॲडव्हान्स. वाद होतो तो या दोन रकान्यांवरूनच.

१०.४५
बदनापूरचे एक मामा चादरीत गुंडाळलेला एलईडी टीव्ही घेऊन येतात. आवाज आहे, चित्र नाही. चेकिंगचे २०० म्हटल्यावर थबकतात. "निस्तं उघडून बघायचे पैसे?"
"दुरुस्त केला तर बिलातून वजा करतो, मामा. नाही केला तर तेवढेच द्यायचे."
शंभराच्या दोन नोटा निघतात. पावती घडी होऊन टोपीत जाते.

११.३०
टीव्ही चालू ठेवून पडद्यावर बॅटरीचा तिरपा झोत टाकला की पुसट चित्र दिसतं. म्हणजे पॅनल धड, बॅकलाइट गेली. पण दिव्यांची पट्टी गेली की तिला करंट देणारा भाग? पट्टीतले दिवे एकामागे एक जोडलेले. एक गेला तरी सगळी ओळ बंद पडते. खात्री करायची तर पॅनल उचलावं लागतं, आणि बोट जरा जास्त दाबलं गेलं तर ते तडकतं. मग टीव्ही भंगारात. टेस्टर एकेका दिव्याला लावत जातो. एक पेटत नाही. खरं काम इथंच झालं. पट्टी बदलणं हाताखालचा पोरगाही करतो.

दुपारी १.००
मामांना फोन. एकच दिवा बदलला तर स्वस्तात होईल, पण बाकीचेही तेवढेच जुने. सगळ्या पट्ट्या बदललेल्या बऱ्या. दोन्हीचे भाव सांगतो. होकार येईपर्यंत पुढं हात लावत नाही.

३.००
मंठ्याच्या एका दुकानदाराचा इन्व्हर्टर. आतलं सर्किट कार्ड जळालंय, पार्ट संभाजीनगरहून मागवायचा, निम्मे पैसे आधी.
"विश्वास नाही का, शेठ?"
"तुमच्यावर आहे हो, पण पार्टवाला मला उधार देत नाही."
त्या मॉडेलचं कार्ड दुसऱ्या कशाला चालत नाही. गिऱ्हाईक फिरकलं नाही तर माल अंगावर पडतो. वरच्या फळीवर असे बेवारस डबे धूळ खात आहेत.

५.००
एका ताईंचा सेट-टॉप बॉक्स. अडॅप्टरची पिन सैल झालेली. नीट बसवली, पैसे नाहीत. स्क्रूड्रायव्हर लागला तरच चेकिंग.

७.३०
मामांचा टीव्ही तयार. २०० वजा करून बिल देतो, जुन्या पट्ट्याही हातात देतो. बिल न देणं ही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं अनुचित व्यापारी प्रथा ठरवली आहे. पण कायदा नसता तरी बिलामुळं पुढचा वाद मिटतोच.

८.१५
भजनी मंडळाचा ॲम्प्लिफायर. कार्यक्रमात तापला की बंद पडतो, माझ्या टेबलावर मात्र तासन्‌तास वाजतो. सोल्डरिंग तपासलं, ठोकून पाहिलं. दोष हाती लागला नाही. मंडळाचे बुवा म्हणतात, "राहू द्या, मेहनत तर झाली ना." तरी २०० परत करतो. पैसे घेतले होते ते काय बिघडलंय हे सांगण्याचे; सांगता आलं नाही तर ठेवायचे कशाचे? जॉबकार्डावर लिहिलं: दोष सापडला नाही, चेकिंग परत. हीच ओळ उद्या बाहेरच्या पाटीवर रंगवून घ्यायची आहे.