धुळे ते नरडाणा : पन्नास किलोमीटरसाठी सव्वाशे वर्षे



दोंडाईच्याच्या स्टेशनावर उभं राहून कुणी विचारलं, "रेल्वेनं धुळ्याला कसं जायचं?" तर आपण हसतो. कारण उत्तर असं आहे : आधी उलट्या अंगाला जळगावला जा, तिथून चाळीसगाव गाठा, गाडी बदला आणि मग धुळ्याला उतरा. अडीचशे किलोमीटरच्या आसपास फेरा पडतो. रस्त्याने तेच धुळे साठेक किलोमीटरवर आहे. आपलं गाव रेल्वेवर, आपल्या जिल्ह्याचं ठिकाणही रेल्वेवर, पण दोघांची गाठ नाही.

ही गाठ आज सुटलेली नाही, ती मुळात कधी बांधलीच गेली नाही. तापी खोऱ्यातून सुरतेकडे जाणारी आपली लाइन 1900 च्या सुमारास सुरू झाली. चाळीसगाव-धुळे हा फाटाही त्याच सुमाराचा. पण तो धुळ्याला येऊन थांबला तो थांबलाच. मध्ये धुळ्यापासून आपल्या शिंदखेडा तालुक्यातल्या नरडाण्यापर्यंतचा तुकडा राहून गेला. सव्वाशे वर्षांत सरकारं बदलली, 1998 साली नंदुरबार जिल्हा वेगळा झाला, पण तो तुकडा काही जोडला गेला नाही.

कागदावरची गाडी

मनमाड-इंदूर रेल्वेची मागणी आपल्या वडिलांच्या काळापासून चालत आलेली. मालेगाव, धुळे, नरडाणा, शिरपूर असा तिचा मार्ग. सर्वेक्षणं झाली, निवेदनं गेली, निवडणुकीत भाषणं झाली. ऑगस्ट 2018 मध्ये दोन्ही राज्यं, रेल्वे, जहाजबांधणी मंत्रालय आणि जवाहरलाल नेहरू बंदर यांच्यात करार झाला. तेव्हा लांबी होती 362 किलोमीटर आणि अंदाजे खर्च साडेआठ हजार कोटींच्या घरात. 16 फेब्रुवारी 2019 रोजी पंतप्रधानांच्या हस्ते धुळ्यात या मार्गातल्या धुळे-नरडाणा टप्प्याची पायाभरणी झाली. बोरविहीर ते नरडाणा असा हा टप्पा सुमारे 50 किलोमीटरचा. त्यानंतर 2 सप्टेंबर 2024 रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मनमाड-इंदूर मार्ग मंजूर केला : 309 किलोमीटर, 30 नवी स्थानकं, खर्च 18,036 कोटी रुपये, आणि पूर्ण करायचं वर्ष 2028-29.

आता हे दोन आकडे शेजारी ठेवून बघा. सहा वर्षांत लांबी 53 किलोमीटरने कमी झाली आणि खर्च दुपटीच्या वर गेला. विहीर खोदायचं दहा वर्षं पुढे ढकललं की खोदाईचा दर वाढतो, आणि तेवढी वर्षं पीकही कोरडवाहूच राहतं. तसंच हे. उशीर फुकट नसतो. त्याचं बिल येतं, आणि ते शेवटी आपल्याच पाटीवर येतं.

मागे एका गावात कपाशीवरच्या बोंडअळीची सभा संपल्यावर पारावर रेल्वेचा विषय निघाला. एक म्हातारे बाबा म्हणाले, "भाऊ, ती गाडी मना नातू देखी." सगळे हसले. मी मात्र हसू शकलो नाही, कारण त्यांच्या आजोबांनीही बहुधा हेच म्हटलं असेल.

झालेलं कामही बघा

सगळंच अडलंय असंही नाही. आपली सुरतेकडची लाइन शंभर वर्षांहून जास्त काळ एकेरी होती. समोरून मालगाडी आली की प्रवासी गाडी बाजूला उभी. उधना ते जळगाव या सुमारे 307 किलोमीटरचं दुहेरीकरण आणि विद्युतीकरण झालं, आणि 2019 च्या त्याच धुळ्याच्या कार्यक्रमात ते देशाला अर्पण झालं. सुमारे 2,400 कोटी रुपये खर्च झाले. म्हणजे पैसा आला आणि जमीन मिळाली की काम होतं. इथे रेल्वेची जुनी जागा बरीचशी हाताशी होती. नव्या मार्गाला मात्र पहिली फूटपट्टी लागते ती शेतकऱ्याच्या बांधावर.

शेतमालाला रेल्वेचा उपयोग होतो का, असं काही जण विचारतात. 7 ऑगस्ट 2020 रोजी देशातली पहिली किसान रेल देवळालीहून बिहारमधल्या दानापूरला गेली. ती मनमाड, जळगाव, भुसावळला थांबत गेली. फळं-भाजीपाल्याला पुढे भाड्यात 50 टक्के सवलतही मिळाली. ती सवलत कायमची नव्हती, हे खरं. पण ज्याच्या तालुक्याजवळून लाइन जाते त्यालाच अशी संधी आली की उचलता येते. धुळ्याकडच्या कांदा उत्पादकाला आधी मनमाड नाहीतर जळगाव गाठावं लागतं, म्हणजे एक भाडं आणि एक हमाली जादा.

जमीन जाणार असेल तर

रेल्वेच्या पट्ट्यात ज्यांची शेतं येतात त्यांनी चार गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. तलाठी आणि ग्रामसेवक बंधूंनीही त्या चावडीवर वाचून दाखवाव्यात.

पहिली, हरकतीची मुदत. रेल्वेच्या विशेष प्रकल्पासाठी जमीन घेण्याची अधिसूचना निघाली की हरकत द्यायला 30 दिवस मिळतात. पंचविसाव्या दिवशी धावपळ करू नका. आणि अंतिम घोषणा एका वर्षात झाली नाही तर पहिली अधिसूचना रद्द होते, सगळं पहिल्यापासून. उशिराचं एक मोठं कारण हेच आहे.

दुसरी, वारस नोंद. आजोबांच्या नावावर सातबारा, पाच भावांत तोंडी वाटणी, एक भाऊ सुरतेला. अशा गटाचा मोबदला अडकतोच. नोंदी आज करून घ्या.

तिसरी, झाडं, विहीर आणि पीक. मोबदला ठरवताना 2013 च्या भूसंपादन कायद्याचे निकष लागतात. त्यात झाडं, विहीर, पाइपलाइन आणि उभं पीक यांचं मूल्य वेगळं धरलं जातं. पण सातबाऱ्यावर लिंबाची बाग नसेल तर अधिकाऱ्यापुढे ती सिद्ध करताना घाम फुटतो. दर हंगामाला ई-पीक पाहणी न चुकता करा.

चौथी जरा कडू आहे. बाजारभाव काढताना आधीच्या तीन वर्षांची नोंदलेली खरेदीखतं बघतात. मुद्रांक वाचवायला आपण खरेदीखतात किंमत कमी लिहितो. वाचलेले दोन पैसे मग सगळ्या गावाच्या मोबदल्यातून वजा होतात.

आपल्या बांधावरची रेल्वे

आता थोडं स्वतःकडे बघू. राग धरू नका.

दिल्लीने सव्वाशे वर्षं लावली म्हणून आपण बोलतो. पण गावागावांत पाणंद रस्ते किती वर्षांपासून बंद आहेत? नकाशात रस्ता आहे, जागेवर तुरीचं तास आहे. एका गावात ओल्या लाल मिरचीची तोडणी झाली आणि रात्री पाऊस आला. काळ्या जमिनीत ट्रॅक्टर रुतला. पाणंद बंद, दुसरी वाट नाही. गच्च भरलेली पोती दोन दिवस शेतातच राहिली, आतून गरम झाली, बुरशी धरली. दोंडाईच्याच्या बाजारात त्या मालाला निम्मा भावसुद्धा मिळाला नाही. तो रस्ता ना दिल्लीने अडवला होता, ना मुंबईने. चुलतभावाने अडवला होता, चार फुटांसाठी.

यावर उपाय आहेत. पूर्वीपासूनचा वहिवाटीचा रस्ता कुणी अडवला असेल तर मामलेदार न्यायालय अधिनियम, 1906 च्या कलम 5 खाली तहसीलदारांकडे अर्ज करता येतो. शेताला रस्ताच नसेल तर महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियमाच्या कलम 143 खाली बांधावरून रस्ता मागता येतो. रस्ता बांधायला 2021 साली मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजना आली आणि रोजगार हमीची जोड मिळाली. पण त्याआधी ग्रामसभेचा ठराव लागतो, आणि कडेच्या शेतकऱ्यांची संमती लागते. ग्रामसभेला पंधरा माणसं जमली तर ठराव कसा होणार?

तोपर्यंत माझ्या खात्याचा सल्ला एवढाच : पावसाचं चिन्ह असेल तर मिरचीची पोती दाबून भरू नका. माल निघणार नसेल तर सावलीत, हवेशीर जागी पातळ पसरून ठेवा.

येत्या ग्रामसभेत दोन विषय मांडा. एक, धुळे-नरडाणा टप्प्यात आपल्या गावची जमीन कुठल्या पायरीवर अडली आहे याची लेखी माहिती प्रांत कार्यालयाकडून मागवायची. "काम सुरू आहे" एवढ्यावर परत यायचं नाही. गट नंबर, तारीख आणि पायरी, तिन्ही विचारायचं. दोन, गावातल्या बंद पाणंदांची यादी करून त्यातली निदान एक या उन्हाळ्यात मोकळी करायची.

सरकारी काम, सहा महिने थांब, ही म्हण आपल्याला तोंडपाठ आहे. पण विचारणारं कुणी नसलं की सहा महिन्यांची सहा वर्षं होतात आणि सहाची साठ. त्या बाबांचा नातू आता शाळेत जातो. तो कामाला लागायच्या आत धुळ्याची गाडी नरडाण्याला यावी आणि दोंडाईच्याचं पोतं त्या वाटेने पुढे जावं. त्याच्या आजोबांना ती गाडी दिसली तर त्याहून बरं.